एक जून

भिलवडीत माझं झेरॉक्सचं दुकान,
बँकेशेजारच्या बोळात, पाच पायऱ्या चढून.
पायऱ्या पाच का, ते विचारू नका.
एकोणीस साली पाणी शटरच्याही वर हातभर होतं.

सकाळी बाबगोंडा अण्णा आले.
वय पंच्याहत्तर, नाहीतर अठ्ठ्याहत्तर,
नाहीतर जे काय असेल ते.
मोबाईल काउंटरवर असा ठेवला
जसं आजारी कोंबडं ठेवावं.
"हे म्हणतंय, अठराच्या वरचं हाय हे दाखवा.
मी काय बारकं पोरगं हाय व्हय गं?"

अण्णांना फक्त कुस्ती बघायची होती,
पलूसच्या मैदानातली, जुनी.

नवा नियम आलाय म्हणे, अण्णा. पोरांच्या भल्यासाठी.
"मग पोरांस्नी इचारा की."
पोर कोण हे कळायला
सगळ्यांनाच विचारावं लागतं, अण्णा.
बोलून गेले,
आणि माझंच वाक्य मला
भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

आधार लावलं. जन्मतारीख, एक जून.
आमच्याकडं रोज येतात एक जूनची माणसं.
म्हाताऱ्यांचं निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलंय.
शाळेत नाव घालताना मास्तर म्हणायचे,
उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
बोटं पोचली की पोरगं सहा वर्षांचं.
तारीख मास्तरांच्या सोयीची.
त्याच तारखेवर अण्णा कारखान्यात लागले,
त्याच तारखेवर हार घालून घरी आले.
खोटी आहे हे सगळ्यांनाच ठाऊक,
म्हणून ती कुणाला टोचली नाही.

मशीनला मास्तर पुरेना.
चेहरा गोलात आणा. डावीकडे बघा. डोळे मिचकावा.
मोतीबिंदूचा डोळा त्याला पटेना.
तिसऱ्या वेळी अण्णांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले
आणि तसेच उभे राहिले,
इंजेक्शनला उभं राहावं तसे.

"ह्यो फोटू आता जाणार कुठं?"
कंपनीकडं.
"कंपनी कुठली?"
मला माहीत नव्हतं.
"ठेवणार किती दिस?"
तेही.

मग हिरवी खूण आली. अंदाजे वय, एकसष्ट.
अण्णा खूश. "मास्तरापरास हे बरं, सूट देतंय!"
रांग हसली.

रांगेत मागं शिकलगारांची अस्मा होती, अकरावीतली.
मोबाईल ओढणीखाली छातीशी धरलेला.
काय विचारायचं होतं तिला, मी कशाला सांगू,
मलाही कुठं माहीत आहे?
घरात विचारता येत नाही असं काहीतरी,
जिथं आजवर नाव न सांगता विचारता यायचं तिथं.
अण्णांचा चेहरा गोलात फिरताना तिनं बघितला होता.
पाळी आली तेव्हा म्हणाली,
"ताई, एक झेरॉक्स फक्त."
हातात कागदच नव्हता.
पाच पायऱ्या उतरून गेली.

बाबा सांगायचे,
दुसऱ्याचा कागद आपल्या दुकानात मुक्कामाला ठेवायचा नाही.
बिघडलेली प्रत चार तुकडे करून बंबात.
तरी दहा वर्षांचे फॉर्म, फोटो साठले होतेच कपाटात.
पुरात गेले. आठ दिवस रडले मी त्या कपाटासाठी.
आज पहिल्यांदा वाटलं,
कृष्णामाईनं गावाची सगळी नावं नेली,
एकही वाचलं नाही.

रात्री शटर ओढण्याआधी
अण्णांच्या आधारची पुसट प्रत टोपलीत सापडली.
चार तुकडे केले.
दुसरी कुठंतरी आहे,
मिटलेल्या डोळ्यांची,
ती कुठल्या कपाटात, कुठल्या गावी.

उगाचच उजवा हात डोक्यावरून नेला,
डावा कान धरून बघितला.
तिथवर पोचतो.