तारीख बाकी

चर्चच्या मागे, तलावाकडच्या भिंतीला लागून तिसरी कबर.
दगड आमच्याच हातचा, तुर्भ्याच्या खाणीतला.
ती खाण आता नाही, तिथे गोदामं झाली.
पावसाळ्यात या दगडाला घाम फुटल्यासारखा दिसतो.

सगळ्यात वरची नावं पोर्तुगीज वळणाची,
झिजलेली, बोटानंच वाचायची.
मग प्लेगातली तीन पोरं एकाच ओळीत,
जागा वाचवली असणार.
मग इनास मिस्किटा, मिठागर सांभाळलं, एवढंच.
मग त्याची बायको.

तिचं नाव माझ्या बापानं घातलं, एकाहत्तर साली.
बापाला अक्षर येत नव्हतं.
कागदावरची चित्रं बघून तो दगडात उतरवायचा,
पक्षी उतरवावा तशी.
मिस्किटात दोन टी असतात म्हणे.
शेजारी शेजारी, अगदी सारखे,
त्याला वाटलं लिहिणाऱ्याचा हात अडखळलाय.
त्यानं एकच घातला.

अडीच रुपये कापले.
रात्री बाप जेवला नाही.

मागे एर्मेलिनबाईंनी मला बोलावलं.
वय एक्याऐंशी, भाऊ टोरांटोला, भाचे कुठे कुठे.
तेलकट कागदात गरम फुगे आणले होते, आधी खा म्हणाल्या.
"माझं नाव आत्ताच घाल. नंतर तुला सांगणार कोण?"

छिन्नी टेकवली आणि विचारलं, एक टी की दोन?

बराच वेळ दगडाकडे बघत राहिल्या.
बाहेर मेट्रोचं काम,
सगळ्या कबरींवर सारखीच पांढरी धूळ.
"आधारवर दोन आहेत," म्हणाल्या,
"पण आई एकाच्या खाली झोपलीय.
मी दोन घेऊन गेले तर ओळखायची नाही."

एकच घातला.
बापाचीच चूक,
फक्त या वेळी ठरवून, आणि चांगली खोल.

जन्मतारीख कोरली, मग आडवी रेघ,
रेघेपुढचा दगड घासून गुळगुळीत करून ठेवला.
आठ आकड्यांचे पैसे त्यांनी आगाऊ दिले.
नको म्हटलं तर रागावल्या,
"उधारी ठेवून मरायचं नाही मला."

दर दोन नोव्हेंबरला,
मेणबत्त्या लावून झाल्या की फोन येतो.
माझ्या मोबाईलात त्यांचं नाव 'तारीख बाकी'.

"दुर्गप्पा, अजून नाही हं."

घाई नको बाई, मी म्हणतो,
छिन्नी धारेला दिलीय.