साडेअकरा

इलाहीमामानं हेड घासलं
उद्यमनगरात, नऊ नंबरच्या गाळ्यात.
चंदेरी भुकटी त्याच्या बोटांच्या रेषांत बसली,
साबणानं जाईना.
"साडेअकराचं कॉम्प्रेशन झालं. आता हिला
पंपावरचं पचायचं न्हाई."
माझ्या खिशाला पंपावरचंच परवडत होतं.

वाघबीळच्या पुढं तिसऱ्यात दाबली
आणि बॉनेटखाली कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवले.
पिस्टन अजून वर येतोय
आणि आग आधीच दारात उभी.

मामानं काही विचारलं नाही.
प्लग काढला. पांढराफटक.
भिंगातून दाखवले
खसखशीएवढे ॲल्युमिनियमचे दाणे.
"पिस्टन हाय हा. तुझाच."

मग जेट एका नंबरनं मोठा केला,
डिस्ट्रिब्युटर सैल करून
अंगठ्यानं केसभर मागं.
"दोन डिग्री उशिरा पेटू दे.
चार घोडं जातील, जाऊ देत.
आन् हल्ली पेट्रोलात ऊस असतोय की,
त्यो बी जरा सांभाळून घेतोय."

ऊस. सांगरूळला आमचा वीस गुंठे आहे.
त्यातलं काही या टाकीत असेल का,
काटा करणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

पुन्हा तोच चढ. मामा शेजारी,
काच खाली, डोळे मिटलेले,
कठड्यावरून परतणारा आवाज ऐकत.
फुटाणे नाहीत.
मी हसलो, तो नाही.

वर पोचून चावी काढली.
इंजिन तरी
दोन फेरे आपलं आपण फिरलं,
खाकरलं,
मग थांबलं.
मामानं डोळे उघडले.
"उद्या आण परत," म्हणाला.