तिसरा पदर

एप्रिल. दुपारचे दोन.
कूलरचा पंप बंद पडलेला, ताट्या सुकत चाललेल्या,
वर्गात वाळ्याच्या वासात धूळ मिसळत होती.
वच्छला पराते लाकडी चौथऱ्यावर बसली होती
डावा तळवा खडूच्या खुणेवर टेकून, पाय दुमडून,
तासाला चाळीस रुपये.

समोरच्या भिंतीवर ते चित्र.
ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकातून कुणी काढलेलं,
खळीनं चिकटवलेलं.
दोन बायका वाळूवर. एकीच्या कमरेला लाल कापड,
त्यावर पांढरी फुलं.
दुसरी गळ्यापर्यंत गुलाबी झग्यात.
मागे समुद्र म्हणून दोन-तीन पट्टे.

सर म्हणायचे, बघा, सावल्या जवळजवळ नाहीतच.
सपाट रंग, जाड रेघ.
हा माणूस घरदार सोडून बोटीनं
स्वर्ग शोधायला गेला होता.
आम्ही वहीत लिहून घेतलं : स्वर्ग.

विश्रांतीच्या पाच मिनिटांत
मुंग्या आलेला पाय झटकत वच्छलाबाई भिंतीशी गेल्या.
अकरा दिवस त्या तिकडेच बघत होत्या,
आम्हीच त्यांची मान तिकडे वळवून ठेवली होती.

"हे छापाचं कापड हाये.
फूल विणीतून आलं असतं तं
घडीवर असं तुटलं नसतं."
तांडापेठेत त्यांच्या सासऱ्याचे दोन माग होते.
एक भंगारात गेला,
दुसऱ्यावर आता गाद्या ठेवतात.

"अन् हे काय करून राहिली?"
झगेवालीच्या हातात झावळीचे दोन पट्टे.
"वेणी घालत असन तं तिसरा पदर कुठं गेला?
दोन पदराची गाठ होते, वेणी नाही होत.
काढणाऱ्यानं हात पाह्यला, भाऊ,
काम नाही पाह्यलं."

सर खिडकीशी उभे होते, हसले.
मी माझा कागद उलटा ठेवला.

"यायले किती देत होता तो?"
कुणालाच माहीत नव्हतं.
पुस्तकात चित्राचं माप होतं, साल होतं,
कुठल्या देशात टांगलंय तेही होतं.

"अन् येवढा समुद्र, तं पाठ करून काऊन बसल्या?
आमच्या नाईक तलावावर बी
बाई पाण्याकडं तोंड करून बसते."
मग जरा थांबून, अंगठ्यानं खळीची कड दाबत :
"ह्या बसल्या नाही. बसवल्या."

घंटी झाली. त्या परत चौथऱ्यावर चढल्या.
तळवा बरोबर खुणेवर, बोटाचाही फरक नाही.
त्या दिवशी मला गुडघा जमेना.
पायाला आलेल्या मुंग्या
कुठल्या पेन्सिलीनं काढतात?

आता त्याच वर्गात मी शिकवतो.
मॉडेलला तासाला दोनशे,
पावतीवर नाव, नावापुढे सही.
वच्छलाबाई कधीच्या यायच्या थांबल्या;
तांडापेठेत विचारलं तर कुणी म्हणालं
मुलीकडे उमरेडला, कुणी म्हणालं, कोण वच्छला?

चित्र भिंतीवरच आहे, कुणी काढलं नाही.
पश्चिमेच्या खिडकीतून दरवर्षी मे येतो
आणि रंग खातो : आधी पिवळा,
मग गुलाबी झगा, मग ते लाल.
छपाईत निळा सगळ्यांत चिवट.
वाळू निळी झाली, कापड निळं झालं,
कुठल्याही बंदरापासून रात्रभराच्या अंतरावरच्या या गावात
पाणी त्या दोघींच्या गळ्याशी आलंय.

आणि त्या तशाच.
डावा हात टेकून एक,
दुसरी दोन पदर हातात धरून.
मुलं कागद गुंडाळून निघून गेल्यावर
मी दार लावता लावता कधी कधी थांबतो.
कुणीतरी त्यांना म्हणायला हवं होतं :
पाच मिनिटं झाली, बाई.
उठा. पाय मोकळे करा.