मधोमध

तोष्णीवालच्या ऑफिसात एसी आहे आणि भिंतीवर
पिसाचा मनोरा, जरा जास्तच कललेला,
कारण फ्रेमचा एक खिळा निघालाय.
तो म्हणतो, सर, हे हॉटेल बघा,
फ्लॉरेन्सपासून फक्त नऊ किलोमीटर,
पोहायचा तलाव, ऑलिव्हची बाग, नाश्ता फुकट,
शहरात सोडायला त्यांचीच बस,
आणि निम्म्या पैशात.

ग्रामीण बँकेत एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे पैसे मोजलेला माणूस मी,
निम्मे म्हटलं की मान आपोआप हलते.
नऊ किलोमीटर म्हणजे किती गं,
इथून हरंगुळ, तेवढंच.

विशाखानं चष्म्यावरून पाहिलं.
लांबून यायची हौस फिटलीय माझी, म्हणाली.
मधोमध पाहिजे.

तीन रात्री रोम, तीन फ्लॉरेन्स, दोन व्हेनिस,
लग्नाला तीस वर्षं झाल्याबद्दल.
महिनाभर ती रात्री मोबाइलवर
चिमटीनं शहरं मोठी करत बसली.
सिव्हिल हॉस्पिटलात हजारो हातांवर
शीर शोधलेलं तिचं बोट
गल्ल्यागल्ल्यांतून सरकत जायचं,
एका चौकाशी थांबायचं.
इथं, म्हणायची. इथं ठोका लागतोय.

संगमरवरी न्हाणीघराचं तिला काही नाही.
गादी किती जाड, झुंबर किती दिव्यांचं, तेही नाही.
पाच तारे म्हणजे तिच्या लेखी
दारापासून चौक किती पावलं.
मी कागदावर आकडेमोड करायचो
तर म्हणायची, काय करलालाव एवढा हिशेब?
जलमभर त्येच केलाव.

पंच्याण्णव साली आम्ही लातुरात खोली शोधत होतो.
तिला गोलाईजवळच हवी होती,
सोळा रस्ते जिथून फुटतात तिथं,
म्हणजे नाइट ड्यूटीहून चालत येता येईल.
घरमालक चहा द्यायचे.
चहा अर्धा झाला की आडनाव विचारायचे.
मग त्यांचा पुतण्या अचानक
पुण्याहून राहायला येणार असायचा.
सात घरमालक, सात पुतणे.
शेवटी रिंग रोडपलीकडं प्लॉट घेतला,
ना डांबर, ना नळ, संध्याकाळी कोल्हे.
आता म्हणतात तोही भाग भरवस्तीत आलाय.
शहर चालत आलं आमच्याकडं,
पण ते त्याच्या सोयीनं.

तिच्या गावात तिचं घर कुठल्या अंगाला होतं
आणि माझ्या गावात माझं,
हे लग्न ठरताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं.
ते दोघांनाही ठाऊक होतं.

तोष्णीवालनं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.
सर, आडनाव तुम्हीच टाका, पासपोर्टवर आहे तसं.
माझी बोटं थबकली, नुसत्या सवयीनं.
विशाखानं हात पुढं घातला
आणि एकेक अक्षर दाबलं,
शेवटचं जरा जोरात.

पडद्यावर चाक फिरत राहिलं.
नेट स्लो आहे, तोष्णीवाल म्हणाला.
मी हळूच म्हटलं,
त्यांचाही पुतण्या येतोय बहुतेक.
ती इतकी हसली
की तोष्णीवालही हसला, काही न कळता.
मग हिरवी खूण आली.
तिसरा मजला, चौकाकडची खिडकी.

तिकडच्या चौकातही
कुणाला तरी मागच्या दारानंच यावं लागत असेल.
आम्हाला त्यांची भाषा येत नाही,
कळणार नाही कदाचित.
विशाखाला कळेल.
वॉर्डात कोण कण्हायचं थांबलंय
हेसुद्धा तिला झोपेत कळायचं.

परत निघालो तर स्कूटरवर मागून म्हणाली,
गोलाईवरून घ्या.
घेतली. भांड्यांची दुकानं, कुलपांचा गाडा,
चौकात ट्रॅक्टर अडकलेला,
कुणी कुणाला वाट देत नाही.
काय घ्यायचंय? मी विचारलं.
काही नाही.
पूर्ण फेरी झाली, आमचा रस्ता आला,
मी हँडल वळवलं
तशी तिनं खांद्यावर बोट टेकवलं.
अजून एक मारा.