तासाला दीड डॉलर

त्या उन्हाळ्यात मी चौदाची होते
आणि सुपीरियर सरोवराचं पाणी जुलैतही
घोट्याला लागलं की हाडं ठणकायची.

लाहतीबाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला.
पावणेसातला त्यांची गाडी खाकरत खोकत निघायची
आणि मागे उरायची दोन पोरं, माझ्या ताब्यात:
एल्सी नऊ महिन्यांची, दातांनी बेजार,
आणि टोबी, चार पूर्ण,
ज्याला पावाच्या कडा म्हणजे विष,
ज्याच्या खिशात कायम काहीतरी वळवळणारं.

तासाला दीड डॉलर.
रोंडा आणि मी तिच्या वडिलांच्या गॅरेजमागे
पालथ्या बादल्यांवर बसून हिशेब करायचो:
दोन सायकली, दहा गिअरच्या,
आणि शाळा उघडायच्या आत दीपगृहापर्यंत, दोघीच.
ती आइस्क्रीमच्या खिडकीत काम करायची.
तिच्या कोपरापर्यंत व्हॅनिलाचा वास,
माझ्या खांद्यावर ओकलेलं दूध.
आम्ही एकमेकींना हुंगून हसायचो.

मग रोंडाच्या हिशेबात एक मोटरबोट आली.
बोटीसोबत डेल आला.
आणि मी तिला सांगितलेली एक गोष्ट,
एकच, बाबा हल्ली कुणाकडे राहतात ती,
चार दिवसांत आइस्क्रीमच्या रांगेतून फिरून
तिखटमीठ लावून माझ्याच कानावर आली.
मी भांडले नाही.
भांडायला ती समोर तर यायला हवी.

गुरुवार होता.
एल्सी कडेवर, फोन मानेत धरलेला,
मी रोंडाच्या घरची घंटी मोजत होते.
अकरा.
कुणी उचलला नाही.
वळून पाहिलं तर जाळीचं दार हलत होतं.

पलंगाखाली. कपाटात. कपडे वाळवायच्या यंत्रात.
शेजारच्या कुत्र्याच्या घरातसुद्धा.
पाण्याकडे मी सगळ्यात शेवटी बघितलं.
पाणी ताटासारखं सपाट.
मी हाका मारत होते आणि माझा आवाज
कुणा दुसऱ्याच बाईचा येत होता.

पालथ्या घातलेल्या जुन्या होडीखालून
कुणीतरी हळूच शिंकलं.

आत टोबी, पोटावर पसरलेला.
समोर एक बेडूक, मुठीएवढा, खडबडीत,
आणि त्याच्यापुढे मांडलेल्या
जूनपासूनच्या पावाच्या सगळ्या कडा.

मी त्याला दंडाला धरून ओढला
आणि थोबाडीत मारली.

तो रडला नाही.
मीच बसले गोट्यांवर आणि हंबरडा फोडला,
मला बघून एल्सीनं.
तो बराच वेळ आम्हा दोघींकडे पाहत राहिला,
मग चिखलाचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाला,
"मी नाही सांगणार आईला.
तू पण बेडकाचं सांगू नको."

साडेतीनला गाडी आली. दार उघडलं नाही.
लाहतीबाई रोजच अशा बसायच्या गाडीत,
स्टिअरिंगवर दोन्ही हात, समोर नुसती भिंत.
मला वाटायचं, गाणं संपायची वाट बघतात.
त्या दिवशी लक्षात आलं,
रेडिओच्या जागी नुसतं भोक होतं, दोन वायरी लोंबणारं.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?"
मी म्हटलं, "ठीक."
टोबी म्हणाला, "ठीक."
गाल तोवर निवळला होता.
त्या दिवसाचे पैसे मी घेतले. का, ते अजून कळलेलं नाही.

सप्टेंबरात सायकल घेतली. एकच, हिरवी.
दीपगृहापर्यंत एकटी गेले; वारा समोरून होता,
आणि तिथे बघण्यासारखं तसं काही नव्हतं.

परतताना लाहतींच्या घरावरून आले.
गाडी उभी होती. त्या आत बसलेल्या.
मी उतरले.
ढकलताना मागचं चाक टिकटिक करतं,
म्हणून ते उचलून धरलं
कोपऱ्यावरच्या डाकपेटीपर्यंत.