सोळा सेकंद

पाचशेबाराचा जुना प्लॅन आता
अख्ख्या लोकमान्य नगरात एकाच्याच नावावर उरलाय:
मोरेश्वर मुंगी, विमा कंपनीतून निवृत्त.

तक्रार अशी, की
"आधी नात लख्ख दिसते, पडलेल्या दाताची फट सुद्धा.
मग कुणी रांगोळी फिस्कटावी तसं."

मी शिडी लावली, वायर चाचपली,
कनेक्टर बदलला, उगाचच.
दोष खांबावर नव्हता,
केसरबाग रोडच्या आमच्या ऑफिसात
चार आकड्यांत होता, मीच टाकलेल्या.

पावतीच्या पाठीवर लिहून दाखवले:
हक्काचे पाचशेबारा.
उसळीला एक हजार चोवीस.
उंबरठा तीनशे चौऱ्याऐंशी.
आणि मशीन मागे वळून बघतं, ते सोळा सेकंद.

"बघतं म्हणजे?"
सरासरी काढतं, काका.
तुम्ही गप्प होतात, दार सताड उघडं.
दुप्पट ओढू लागलात, सरासरी चढली,
उंबरठ्याला लागली
की दार अर्धं लोटून घेतं.

त्यांनी कागद ओढला. गुणिले सोळा,
भागिले एक हजार चोवीस.
"सहा," म्हणाले. "सहा सेकंद.
आणि पुन्हा?"
मागणं चालू असेतो नाही.
आधी थांबावं लागतं.
"म्हणजे न वापरल्याचं व्याज!"
नाही हो, साठत नाही.
वर्षभर गप्प बसलात तरी
सहाच.

यावर ते काही बोलले नाहीत.
मोठा प्लॅन घ्या म्हटलं,
त्यांनी मला चहा दिला.

परवा रविवारी रात्रपाळीला
सहज त्यांची रेघ उघडली.
एक सुळका. तुटलेला.
मग सपाट.
पुन्हा सुळका.
फोन ठेवतायत, सोळा मोजतायत, परत लावतायत.
नऊ सुळके मोजले मी,
फणीच्या दातांसारखे, मधे मधे फट.

उंबरठ्यात सहाशे टाकले की संपलं;
हक्काच्याही वर उंबरठा,
उसळी परत परत येत राहील.
जैनसाहेबांना कळणारही नाही.
आकडा लिहिला, बटण न दाबता
आधी त्यांना फोन केला.

"नको गं," म्हणाले,
"तेवढ्यात पुढचं काय विचारायचं ते ठरवतो.
आणि ती तिकडे
नवीन वेडावणं शोधून ठेवते.
ठेव आता, माझे
अकरा झाले, बारा..."

सहाशे खोडले.
पडद्यावर रेघ
जरा वेळ जमिनीला चिकटून होती,
मग उठली.