रेती चालते

आदल्या संध्याकाळी झिलू तारींनी विचारलं,
तुमच्या पडद्यावर माझा कणा दिसतो
तो आत्ताचा, की मघाचा?

मघाचा, मी म्हटलं. चित्र काढलं तेव्हाचा.

बत्तीस वर्षं मांडवीतून बार्ज नेलेला माणूस,
आमोण्याहून खनिज भरून मुरगावला.
रेंव चलता गो बाय, म्हणाले,
पावसाळा सरला की नदी तीच, तळ निराळा.
आधी ओळखीचं काही धरायचं.
काठावरचा पांढरा क्रूस माडाच्या रेषेत आला
की मग नकाशा खरा.

सकाळी बांबोळीला थिएटरात
त्यांच्या कमरेच्या हाडावर चौकट घट्ट,
तिच्यावर चार चमकते मणी,
कॅमेरा त्यांच्याकडे टक लावून.
नखाएवढा छेद.
डॉक्टर कुलासो पाठीकडे बघतच नाहीत;
पडद्यावर चौथा मणका, राखाडी,
त्यात हिरवी रेघ, अजून न बसलेल्या स्क्रूची.

मग कुणाचं तरी कोपर चौकटीला लागलं.
कुणाचं कशाला, माझंच. जेमतेम.
पडदा ढिम्म. रेघ तितकीच हिरवी, तितकीच ठाम.
बोलले नसते तर कळलं नसतं कुणाला.

मॅडम, थांबा.

त्यांनी सळईचं टोक मणक्याच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवलं.
हाताला हाड लागलं.
पडद्यावर टोक हवेत,
दोन मिलिमीटर.
तेवढ्यावर पायाची नस असते.

पुन्हा चित्र घ्या, एवढंच म्हणाल्या.
आम्ही शिशाच्या आडोशाला गेलो.

शुद्धीवर येता येता झिलूंनी अंगठा हलवला,
विचारलं, कुठे लागली काय?

लागणार होती, मी म्हटलं.